सव्वीस तारखेला गायब झालेल्या कप्प्या

"लिही," कर्णिक सर म्हणाले. "मॅग्नेटच्या संपर्कात आल्याने फ्लॉपी खराब झाली असावी. खाली सही माझी."

कंपनीचं लेटरहेड माझ्यासमोर होतं. मी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"सर, ती फ्लॉपी मॅग्नेटजवळ गेलेली नाही."

"तू होतीस तिथे?"

"नाही. पण मी सावंतांना ओळखते."

"मी माझ्या सासऱ्यांना वीस वर्षं ओळखतो, नीला. म्हणून कुणी त्यांची गॅरंटी मागितली तर देईन का?"

"मला एक दिवस द्या. उद्या मुलुंडला जाऊन येते. फ्लॉपीच खराब निघाली तर पत्र तिथेच बसून लिहीन."

सरांनी पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. हा त्यांचा विचार करण्याचा मार्ग होता. "एकच दिवस," ते म्हणाले. "गुरुवारी पाचच्या आत सावंतला मेमोचं उत्तर द्यायचंय. त्याआधी आपलं पत्र पोचलं पाहिजे."

प्रकरण असं होतं. मुलुंडला एलबीएस रोडवर चेन पुली ब्लॉक बनवायचा एक कारखाना होता. चेन पुली ब्लॉक म्हणजे साखळीची कप्पी. गॅरेजमध्ये गाडीचं इंजिन वर खेचतात ना, ती. तयार झालेली प्रत्येक कप्पी कारखान्याच्या टेस्ट बेमध्ये, म्हणजे चाचणीच्या विभागात, टांगायची, तिच्या ताकदीपेक्षा सव्वापट वजन लावायचं आणि साखळी सरकते का ते बघायचं. सरकली तर रिजेक्ट. हे काम सावंत एकतीस वर्षं करत होते आणि निवृत्तीला त्यांचे सात महिने उरले होते.

कारखान्याने नुकताच एक पीसी घेतला होता आणि टेस्टच्या नोंदी ठेवायचे प्रोग्राम आमच्याकडून करून घेतले होते. नोंदी फ्लॉपीवर, म्हणजे एका पातळ चुंबकीय चकतीवर, राहायच्या. जानेवारी संपल्यावर हस्तलिखित रजिस्टर बंद करायचा हुकूम निघाला. फेब्रुवारीची पहिली छापील यादी आली आणि ती पंचवीस तारखेला संपली. सव्वीस, सत्तावीस आणि अठ्ठावीस तारखेला टेस्ट केलेल्या कप्प्यांचा पत्ता नव्हता. पण कप्प्या तर टेस्टचा शिक्का मारून गोडाऊनला गेल्या होत्या. वर्क्स मॅनेजर पारेखांनी सावंतांना मेमो दिला: टेस्ट न करताच शिक्के मारले की कंपनीची फ्लॉपी मॅग्नेटजवळ नेऊन खराब केली, याचा लेखी खुलासा करावा. दोन्हींपैकी काहीही कबूल केलं तरी एकतीस वर्षांवर डाग. आणि आमचं पत्र गेलं असतं तर खुलाशाची गरजच उरली नसती.

आता प्रोग्रामचं सांगते, कारण सगळं रामायण तिथे घडलं आहे.

आमची कंपनी मरोळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात होती. खालच्या गाळ्यात छत्र्यांच्या मुठी बनत आणि वर सॉफ्टवेअर बनत असे. खालून मशीनचा आवाज यायचा, वरून कर्णिक सरांचा. आमच्याकडे एक मोठं युनिक्सचं मशीन होतं, त्याला सहा टर्मिनल. आणि एक पीसी होता, त्यावर डॉस. युनिक्स आणि डॉस म्हणजे मशीनचा कारभार चालवणारे दोन वेगळे कारभारी. सरांनी मुलुंडला सांगितलं होतं की आमचे प्रोग्राम कुठल्याही मशीनवर चालतात. हे वचन त्यांनी दिलंय हे मला पंधरा दिवसांनी कळलं.

प्रोग्राम अकरा होते, सगळे 'सी' भाषेत. तेव्हा खिडक्या, माऊस, चित्रं असं काही नव्हतं. काळ्या पडद्यावर प्रोग्रामचं नाव टाइप करायचं, पुढे फाइलचं नाव द्यायचं आणि एंटर मारायचं. एक प्रोग्राम नोंद घ्यायचा, एक निवडून काढायचा, एक क्रम लावायचा, एक यादी छापायचा. छोटी छोटी कामाची माणसं. फक्त त्यांना दोन सासरी नांदायचं होतं, आणि दोन्ही सासूबाईंच्या रीती उलट्या.

युनिक्समध्ये फोल्डरच्या नावांमधली तिरपी रेघ एका बाजूला झुकते, डॉसमध्ये दुसऱ्या. फाइलच्या नावात तारा टाकला की 'या नावाच्या सगळ्या फाइली' असा अर्थ होतो. युनिक्स त्या ताऱ्याचा उलगडा करून प्रोग्रामच्या हातात फाइलींची यादी देतं. डॉस तारा तसाच हातात ठेवतं आणि म्हणतं, तुझं तू बघ. युनिक्समध्ये प्रोग्रामला स्वतःचं नाव माहीत असतं. मुलुंडच्या जुन्या डॉसमध्ये त्याला तेही कुणी सांगत नव्हतं.

सरांचं म्हणणं, अकरा प्रोग्रामच्या दोन-दोन प्रती कर, एक इकडची, एक तिकडची. माझं म्हणणं, प्रोग्राम एकच ठेवायचा आणि जिथे जिथे रीत बदलते तिथे एक छोटं फंक्शन लिहायचं. फंक्शन म्हणजे एक लहानसं काम नेमून दिलेला नोकर. 'वाट' नावाचं फंक्शन रेघा सरळ करायचं. 'तारा' ताऱ्याचा उलगडा करायचं. 'नाव' प्रोग्रामला त्याचं नाव सांगायचं. प्रत्येकाच्या पोटात एकच प्रश्न: डॉसवर आहेस का? असशील तर असं कर, नसशील तर तसं. प्रोग्रामला सासर बदलल्याचा पत्ताच लागत नाही. यालाच पोर्टेबल करणं म्हणतात.

"दहा-दहा ओळींच्या चिंध्या," सर म्हणाले होते. "चिंध्या जोडत बस. गोधडी झाली की सांग."

म्हणून मी त्या फाइलचं नावच चिंधी ठेवलं. डिसेंबरभर मी चिंधीत पाच फंक्शनं लिहिली. सहावं लिहायचं मनात आलं होतं, फाइल उघडण्याचं. पण फाइल उघडायची सोय तर सी भाषेत मुळातच आहे आणि ती सगळीकडे सारखी आहे, असं पुस्तकात लिहिलं होतं. मी स्वतःशी म्हटलं, इथे कसली चिंधी. हे वाक्य लक्षात ठेवा.

मग टेस्टिंग. सावंतांच्या रजिस्टरमधली अख्ख्या जानेवारीची पानं मी दोन्ही मशीनवर टाइप केली. दोन्हीकडच्या याद्या छापून खिडकीच्या काचेवर एकावर एक धरल्या. एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. सरांनी पेढे आणले.

सावंतांना पीसी शिकवायला मी चार दिवस मुलुंडला गेले होते. नोंदी दुसऱ्या कुणी टाइप करायला त्यांची तयारी नव्हती. "टेस्ट माझी, सही माझी, मग बोटा दुसऱ्याची कशाक?" असं मालवणीत म्हणून ते चष्मा कपाळावर चढवायचे आणि उजव्या हाताच्या एका बोटाने टाइप करायचे. मी सांगितलं, फ्लॉपी मॅग्नेटपासून लांब ठेवायची. टेस्ट बेच्या टोकाला लोखंडाचं भंगार उचलायचा मोठा मॅग्नेट होता. दुसऱ्या दिवशी गेले तर सावंतांनी मॅग्नेटपासून टेपने चाळीस फूट मोजून जमिनीवर पिवळ्या रंगाची रेघ मारली होती. बाजूला ऑइलपेंटने लिहिलं होतं: फ्लॉपी पुढे नेऊ नये. आणि फ्लॉपी प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी स्टीलच्या डब्यात, डबा कुलपात.

असा माणूस मॅग्नेटजवळ फ्लॉपी नेईल, यावर माझा विश्वास बसणं शक्य नव्हतं.

बुधवारी सकाळी मरोळहून बस पकडली, पवईच्या तळ्याकाठून विक्रोळी, तिथून दुसरी बस. पीसीची खोली थंडगार होती आणि बाहेर चपला काढायच्या होत्या. आत पारेख मोज्यांवर उभे होते. सावंत स्टुलावर बसले होते आणि त्यांच्या मांडीवर एक लांबट वही होती.

"या मॅडम," पारेख म्हणाले. "आता तुमच्याच कॉम्प्युटरला विचारू या. मी काही बोलत नाही."

त्यांनी डॉसची 'टाइप' ही आज्ञा दिली. फाइलमध्ये जे असेल ते पडद्यावर सरसर दाखवायचं, एवढंच तिचं काम. अंकांच्या रांगा धावू लागल्या. जागा वाचावी म्हणून मी तारीख अक्षरांत न लिहिता तीन बाइटमध्ये कोंबली होती, दिवसाचा एक, महिन्याचा एक, वर्षाचा एक. बाइट म्हणजे एक अक्षर मावेल एवढी जागा. त्यामुळे पडद्यावर तारखांच्या जागी भलतीच चिन्हं दिसत. फेब्रुवारीच्या दोन आकड्याचा हसरा चेहरा होत होता. पडदाभर हसरे चेहरे पळत होते. सात तारखेच्या नोंदी आल्या तेव्हा पीसी पीं पीं करून ओरडला.

"हे काय?" पारेखांनी विचारलं.

"सात आकडा आला की मशीन घंटी वाजवतं. जुनी सवय आहे त्याची."

फाइल थांबली. शेवटची कप्पी पंचवीस तारखेची होती.

"बघितलंत?" पारेख म्हणाले. "तुमचा प्रोग्राम पण पंचवीसला थांबतो, कॉम्प्युटरची स्वतःची आज्ञा पण पंचवीसला थांबते. दोन साक्षीदार झाले."

"साहेब, ह्या तिसरा," सावंत वही पुढे करत म्हणाले.

"ते रजिस्टर बंद करायला सांगितलं होतं."

"बंदच आसा, साहेब. ही माझी घरची वही."

"घरची वही पुरावा नसते, सावंत."

सावंतांनी वही परत मांडीवर घेतली. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "गो बाय, सत्तावन्न पीस. एकेक टांगून बघितलंय मी. ह्या पेटीत घातलेले माझे पीस गेले खंय?"

मी खुर्चीत बसले आणि 'डिर' टाइप केलं. ही आज्ञा फाइलच्या आत बघत नाही. फाइलचं नाव आणि तिने अडवलेली जागा, एवढंच सांगते. आकडा आला: पंधरा हजार सत्तावीस बाइट.

"सावंत, एक कप्पी बत्तीस बाइट खाते. यादीत चारशे बारा कप्प्या आहेत. मग फाइल केवढी हवी?"

सावंतांनी कॅल्क्युलेटर मागितला नाही. वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने गुणाकार केला. "तेरा हजार एकशे चौऱ्याऐंशी."

"आणि आहे पंधरा हजार सत्तावीस."

 सावंत न सांगता भागाकार करू लागले. पंधरा हजार सत्तावीस भागिले बत्तीस. मधेच त्यांची पेन्सिल थांबली. त्यांनी वहीचं पुढचं पान उघडलं, तिथल्या महिन्याच्या बेरजेवर बोट ठेवलं आणि वही पारेखांच्या हातात दिली.

भागाकार आला होता चारशे एकोणसत्तर. वहीतली बेरीजही चारशे एकोणसत्तर. चारशे बारा आणि सत्तावन्न.

"पीस आत आहेत," मी म्हणाले. "फक्त दिसत नाहीयेत."

पारेख हुशार माणूस. त्यांनी भागाकाराच्या खालचा आकडा बघितला. "आणि बाकी एकोणीस उरतात, त्याचं काय?"

मी भागाकार पुन्हा करून पाहिला. एकोणीसच.

"मॅडम, अर्धा हिशोब जुळला तर योगायोग पण असतो. उद्या पाचपर्यंत पूर्ण जुळवा. नाहीतर मेमो आहे तिथेच राहणार."

मी फ्लॉपीची कॉपी घेतली. वहीतले रोजचे आकडे कागदावर उतरवून घेतले. सावंत फाटकापर्यंत सोडायला आले. वाटेत एवढंच म्हणाले, "माझो झिलगो म्हणता, बाबा, सही करून मोकळे व्हा, सात महिने तर ऱ्हवले. मी करूचंय नाय. मॅग्नेट माका कळता, फ्लॉपी कळत नाय. पण पीस माका कळतत."

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. मी तो कागद मांडीवर घेऊन बसले. बाकी एकोणीस. अर्धी कप्पी नसते, त्यामुळे हे एकोणीस बाइट कुणीतरी बाहेरून आणून टाकलेले होते. रोजचे आकडे वाचत गेले. एक तारीख सुट्टी, दोन तारीख अठरा, तीन तारीख बावीस. पवईचं तळं आलं आणि गेलं. मग दिसलं: अख्ख्या महिन्यात बरोबर एकोणीस कप्प्या एकाच दिवशी टेस्ट झाल्या होत्या. दहा तारखेला.

दहा.

मला बसमध्ये हसू फुटलं. शेजारच्या बाईंनी पर्स जवळ ओढून घेतली.

सांगते. कॉम्प्युटरच्या जगात दहा हा नुसता आकडा नाही. मजकुरात दहा आला की त्याचा अर्थ 'ओळ संपली'. युनिक्समध्ये ओळ संपवायला एक दहा पुरतो. डॉसची रीत वेगळी, त्याला दहाच्या आधी तेरा लागतो, जोडीने. म्हणून डॉस फार काळजी घेतं. फाइलमध्ये एकटा दहा जाताना दिसला की त्याच्याआधी आपण होऊन एक तेरा चिकटवतं. माझे दहा म्हणजे ओळी नव्हत्या, दहा तारखा होत्या. डॉसला ते कुणी सांगितलंच नव्हतं. एकोणीस कप्प्या, एकोणीस दहा, एकोणीस आगंतुक तेरा. वाचताना डॉस तेच तेरा गुपचूप काढून घेई, त्यामुळे यादीत काही कळत नसे.

आता दहाला जर ते 'ओळ संपली' समजत असेल, तर सव्वीसला काय समजत असेल? पुस्तकाच्या मागचा तक्ता मला पाठ होता. सव्वीस म्हणजे 'मजकूर संपला'. डॉस सव्वीस तारखेच्या पहिल्या कप्पीपाशी आलं, पुस्तक मिटलं आणि घरी गेलं. 'टाइप' ही त्याचीच आज्ञा, तीही तिथेच थांबणार. पारेखांचे दोन साक्षीदार सख्खे भाऊ निघाले.

हसू ओसरलं तेव्हा पुढचा हिशोब डोक्यात आला. डॉसमध्ये फाइल उघडतानाच सांगावं लागतं की हा मजकूर नाही, जे आहे ते जसंच्या तसं दे. ते सांगायचं काम फाइल उघडणाऱ्या फंक्शनचं. म्हणजे मी न लिहिलेल्या सहाव्या चिंधीचं.

पण मग जानेवारीत का चाललं? जानेवारीतही सव्वीस तारीख होती. मी डोळ्यांपुढे सावंतांचं जानेवारीचं पान आणलं. सव्वीस तारखेच्या ओळीत त्यांच्या वळणदार अक्षरात एकच शब्द होता: झेंडावंदन. त्या दिवशी टेस्ट बे बंद.

गाळ्यात शिरले तेव्हा दीड वाजला होता. कर्णिक सर डबा खात होते.

"फ्लॉपी ठणठणीत आहे," मी म्हणाले. "चूक माझी आहे."

सरांनी घास खाली ठेवला. मी सगळं सांगितलं. सर प्रोग्रामर म्हणून उत्तम होते. मी दहापाशी पोचले तेव्हाच त्यांनी कपाळावर हात मारला, सव्वीसपर्यंत यावं लागलं नाही.

"जिथे चिंधी नाही लावलीस तिथेच फाटलं," ते म्हणाले.

"हो."

"ठीक आहे. तो यादीचा प्रोग्राम दुरुस्त कर. उद्या सांगू, सुधारित आवृत्ती आणली आहे. चूकबीक बोलायचं नाही."

"मग सावंतांच्या मेमोचं काय?"

"यादी नीट आली की मेमो आपोआप पडेल."

"नाही पडणार, सर. पारेख म्हणतील, फ्लॉपी सावंतनेच खराब केली होती, कॉम्प्युटरवाल्यांनी दुरुस्त करून दिली. उलट आपले आभार मानतील."

 हे सरांनाही पटलं होतं, आणि ते आभार स्वीकारायची त्यांची तयारी मला दिसत होती.

"नीला, उद्या तिकडे कबूल केलंस तर पुढचं काम आपल्याला मिळणार नाही."

"आणि नाही केलं तर पुढच्या वेळीही माझ्या प्रोग्रामची चूक मी दुसऱ्या कुणाच्या नावावर खपवेन. मला सवय लागेल."

"नाटकात काम करायचीस का गं तू कॉलेजात?"

"करायचे. बक्षीस पण आहे."

"दिसतंय," असं म्हणून त्यांनी भाजीची वाटी माझ्याकडे सरकवली. "दोन ते चारचा पीसीचा स्लॉट माझा आहे. तू घे."

पीसीवर दिवसाला प्रत्येकाला दोनच तास मिळत, त्यामुळे हे दान मोठं होतं. मी 'उघड' नावाचं फंक्शन लिहिलं. आठ ओळी. डॉसवर असशील तर फाइल जशीच्या तशी उघड, नसशील तर नेहमीसारखी. त्याला पाच मिनिटं लागली. खरं काम पुढे होतं. अकरा प्रोग्राममध्ये फाइल थेट उघडलेल्या जागा अडतीस होत्या. सर म्हणत होते, यादीपुरतं बदल. मी छापील कागदांवर लाल पेन्सिल घेऊन अडतीसच्या अडतीस जागी 'उघड' लिहिलं आणि मग एकेक टाइप केलं. एक जागा सोडली की तीच जागा पुढे कुणाच्या तरी गळ्याशी येते, हे आजच शिकले होते.

त्यात एक गोम होती. फेब्रुवारीच्या फाइलमध्ये ते एकोणीस आगंतुक तेरा बसलेलेच होते. आता डॉस ते काढून घेणार नव्हतं, कारण आपणच त्याला हात लावू नकोस म्हणून सांगितलेलं. म्हणून बारावा प्रोग्राम लिहिला, एकाच दिवसाच्या आयुष्याचा. दहाच्या पुढ्यात उभा असलेला तेरा उचलायचा आणि बाहेर काढायचा. चार वाजायला दहा मिनिटं असताना फाइल पंधरा हजार आठ बाइटची झाली. बत्तीसने भागलं, चारशे एकोणसत्तर, बाकी शून्य. शेवटी एक खोटा महिना बनवला, एक ते एकतीस, एकही सुट्टी नसलेला, आणि तो दोन्ही मशीनवर चालवून बघितला.

गुरुवारी सर स्वतः गाडी घेऊन आले. टाय लावला होता. पवई आल्यावर टाय सैल केला. मग म्हणाले, "तू बोल. मी फक्त उभा राहीन."

पारेख, सर आणि मी खोलीबाहेर चपला-बूट काढून आत गेलो. सावंत आजही स्टुलावरच होते. शर्टाच्या खिशात घडी केलेला मेमो दिसत होता. साडेतीन वाजले होते.

मी प्रोग्राम चालवला. प्रिंटर करकरत सुरू झाला. तेवीस तारीख, चोवीस, पंचवीस. सावंत उठून प्रिंटरपाशी जाऊन उभे राहिले. कागद वर सरकला आणि सव्वीस तारीख आली. एकवीस कप्प्या. मग सत्तावीस, अठरा. सावंत वहीशी एकेक नंबर ताडत होते आणि प्रत्येकावर पेन्सिलीचं टिंब देत होते. सत्तावीस तारखेच्या अकराव्या कप्पीपाशी ते थांबले.

"ही बघा साहेब. साखळी सरकली. रिजेक्ट केलंय मी."

पारेखांनी यादीवर वाकून पाहिलं.  मग जणू स्वतःशीच म्हणाले, "टेस्ट न करता शिक्के मारणारा माणूस रिजेक्ट कशाला करेल."

"आणि बाकी?" त्यांनी मला विचारलं. "ती एकोणीस?"

मी दहाचं आणि सव्वीसचं सगळं सांगितलं. झेंडावंदनाचंसुद्धा. 

"म्हणजे चूक कोणाची?"

सर खोकले.

"माझी," मी म्हणाले. "फ्लॉपी चांगली होती, नोंदी बरोबर होत्या. फाइल उघडताना मी डॉसला जे सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही."

"पुढे कुठल्या तारखेला असं होणार?"

"कुठल्याच नाही."

"जानेवारीची यादी दाखवलीत तेव्हा पण असंच म्हणाला होतात."

मी खोट्या महिन्याची फ्लॉपी घातली. एकतीसच्या एकतीस तारखा त्यांच्यासमोर छापून दाखवल्या. पारेखांनी त्या बोटाने मोजल्या.

मग त्यांनी सावंतांकडे हात पुढे केला. मेमो मागितला आणि फाडायला घेतला.

"फाडू नका साहेब," सावंत म्हणाले.

"का?"

"फाडलात तर दिलो होतो ह्यां पण कळणार नाय, आणि परत घेतलो ह्यां पण कळणार नाय. वर 'रद्द' लिहा. खाली सही करा. दुसरी कॉपी फायलीत आसा, तिच्यावर पण."

पारेखांनी दोन्ही प्रतींवर आडवं 'रद्द' लिहिलं, कारण लिहिलं, सही केली. सावंतांनी आपली प्रत घडी घातली, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली, पिशवी फ्लॉपीच्या डब्यात आणि डबा कुलपात.

"आणि ते रजिस्टर," पारेख जाता जाता म्हणाले, "परत सुरू करा."

"बंद खंय केललंय," सावंत म्हणाले.

पुढचं कामही आम्हालाच मिळालं. का, ते पारेखांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. महिन्याभराने सरांनी दुसऱ्या एका पार्टीला माझ्यासमोर सांगितलं, "आमच्याकडे स्वतःची पोर्टेबिलिटी लायब्ररी आहे." ती काय म्हणून मी बघायला गेले, तर माझ्या चिंधीचं नाव बदललेलं होतं.

सव्वीस मार्चला संध्याकाळी पाच वाजता ऑफिसचा फोन वाजला. पलीकडे मुलुंडचा गोंगाट होता. सावंतांनी एकच शब्द उच्चारला, "आसा," आणि फोन ठेवला. म्हणजे सव्वीस तारीख यादीत आहे. पुढच्या सव्वीसला पुन्हा, त्याच्या पुढच्यालाही. निवृत्त होईपर्यंत त्यांनी एकही सव्वीस चुकवली नाही. ऑक्टोबरच्या सव्वीसला पाच वाजता मी फोनकडे बघत बसले होते. तो वाजला नाही, तेव्हा मीच मुलुंडला फोन लावून विचारलं.

त्यानंतर पुष्कळ वर्षं प्रोग्राम लिहिले आणि हाताखालच्या मुलामुलींना शिकवले. त्यांना मी दोन गोष्टी सांगत आले. इथे कसली चिंधी, असं जिथे वाटेल, पहिली चिंधी तिथेच लावा. आणि टेस्टिंगला जानेवारी महिना घेऊ नका. तो फार देशभक्त आहे.